झुंबरबाईंची दुसरी पोथी

आमच्या घरात पुस्तकांनी भरलेली दोन कपाटं आहेत. आमचे हे, म्हणजे मार्तंडराव, सोनाळ्यात हेडमास्तर होते. ती सगळी पुस्तकं त्यांनी वाचली, मीही वाचली. त्यानं त्यांच्या चष्म्याचा नंबर वाढला आणि माझी झोप कमी झाली. याखेरीज आम्हा दोघांत काही फरक पडल्याचं मला आठवत नाही. चहात साखर कमी पडली की हे लग्नाच्या पहिल्या वर्षी जसे चिडायचे, तसेच आजही चिडतात.

म्हणूनच शेजारच्या झुंबरबाईंबद्दल लिहायला बसले आहे. त्या बाईनं कादंबरी अशी उभ्या आयुष्यात एकच वाचली. त्या एका कादंबरीनं जे केलं ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नसतं, तर कुणी सांगूनही मला पटलं नसतं.

झुंबरबाईंचं माहेर धाडचं. सातवीत असताना बाजाराच्या दिवशी त्या दुकानात गूळ आणायला गेल्या, तर दुकानदार एका जाड पुस्तकाची पानं फाडून पुड्या बांधत होता. पुडीवरचा मजकूर त्यांनी चालता चालता वाचला आणि अर्ध्या वाटेवरून माघारी जाऊन उरलेलं पुस्तक मागून घेतलं. तोवर वरचा पुठ्ठा आणि सुरुवातीची पानं गिऱ्हाइकांबरोबर गावभर गेली होती. त्यामुळे पुस्तकाचं नाव काय आणि लिहिलं कुणी, हे त्यांना आजतागायत माहीत नाही. ह्यांनी पुष्कळ शोध घेतला, त्यांनाही ते सापडलं नाही. लग्न होऊन सोनाळ्याला येताना झुंबरबाईंच्या ट्रंकेत लुगड्यांखाली ते पुस्तक होतं.

गोष्ट तापी नावाच्या मुलीची. नदीकाठच्या गावात तिच्या बापाचा तेलाचा घाणा असतो. तापी राग आला की आधी तांब्याभर पाणी पिते आणि मगच तोंड उघडते. एवढं वाचून झुंबरबाईंनीही तीच सवय लावून घेतली. त्यांच्या सासूबाई सगळ्यांना सांगायच्या, "आमची सून भांडते कमी अन् पानी पिते जास्त." समोरच्या छायाचा नवरा वारला, त्यानंतरच्या संक्रांतीला झुंबरबाईंनी पहिलं कुंकू छायाच्या कपाळाला लावलं. बायका कुजबुजल्या. मी विचारलं, हे सुचलं कसं? त्या म्हणाल्या, "तापीनं लावलं होतं ना, बाई." जशी तापी पलीकडच्या गल्लीतच राहत होती. मी तेव्हा मनात हसले होते.

त्यांचे यजमान पंजाबराव. कपाशी आणि संत्र्याचं चांगलं शेत, माणूस सरळ, पण नियमाचा भारी पक्का. घराण्याचा नियम असा की दर अधिक महिन्यात घरात पोथी बसायची. संध्याकाळी चौरंगावर पोथी मांडायची, यजमानानं पूजा करून शेजारी बसायचं, आणि एकदा लावलेली पोथी समाप्तीपर्यंत मोडायची नाही. तापानं फणफणत असतानासुद्धा पंजाबराव घोंगडी पांघरून पोथीला बसलेले मी पाहिले आहेत. वाचायला झुंबरबाई. सासऱ्यांची नजर गेली तेव्हा त्यांनीच सुनेच्या हाती पोथी दिली होती.

या दोघांची एकुलती एक लेक समता. झुंबरबाईंनी हट्टानं तिला बुलढाण्याला शिकायला ठेवलं. तिथं तिची राजकुमारशी ओळख झाली. मुलगा कष्टाळू, नांदुऱ्याला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्याचं त्याचं दुकान. पण जात दुसरी. पंजाबराव नाही म्हणाले तेव्हा दोघांनी नोंदणी करून लग्न केलं. पंजाबरावांनी अंगणात उभं राहून सांगितलं की, या घरात तिचा पाय पडायचा नाही आणि त्या दोघांचं नावही कुणी घ्यायचं नाही. झुंबरबाई तांब्याभर पाणी प्यायल्या आणि आत गेल्या.

तीन वर्षं तो शब्द पाळला गेला. समताचा फोन माझ्याकडे यायचा आणि झुंबरबाई आमच्या स्वयंपाकघरात उभ्या राहून बोलायच्या. बोलण्यात कधी रड नाही. काय जेवलीस, पाऊस आहे का, एवढंच. फोन ठेवला की मात्र त्या ओट्याला धरून उभ्या राहायच्या, आणि मला पंजाबरावांचा असा संताप यायचा की भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात मी भांडी घासायची.

मग परवाचा अधिक श्रावण आला. आमच्याकडे याला धोंड्याचा महिना म्हणतात. या महिन्यात लेक-जावयाला घरी बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे. गल्लीत ज्याच्या त्याच्या दारात जावयांच्या मोटारसायकली उभ्या राहू लागल्या. पंजाबरावांच्या घरी पोथी बसली.

पहिल्या संध्याकाळी नेहमीचीच मंडळी जमली. चौरंगावर तांबड्या फडक्यात बांधलेली पोथी, समई, उदबत्ती. पंजाबरावांनी टोपी सारखी केली, हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला. झुंबरबाईंनी फडकं सोडलं. आत ते पुस्तक होतं. पोथीच्याच चालीत त्यांनी वाचायला सुरुवात केली, आणि तापीचा बाप घाण्याला बैल जुंपू लागला.

"काऊन वं, पोथी बदलली काय?" पंजाबरावांनी विचारलं.

"घरची पोथी सकाळी वाचली म्या, देवापाशी बसून. रोज वाचीन. हे दुसरी. हेबी पोथीच हाय, माही."

पंजाबरावांचा चेहरा तांबडा झाला. त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. "गुरुजी, हे चालते काय?"

आमच्या ह्यांनी जन्मात एकदाच मला अभिमान वाटेल असं उत्तर दिलं. ते म्हणाले, "पूजा कोणी केली?"

"म्याच केली."

"मग समाप्तीही तुम्हालाच करावी लागेल."

रात्री जेवताना मला उलगडा झाला. मीही ते पुस्तक वाचलं होतं. त्यात तापी बापाच्या मनाविरुद्ध दामोदर नावाच्या मुलाशी लग्न करून नदीपलीकडे राहायला जाते आणि बाप तिच्याशी बोलणं टाकतो. झुंबरबाई नवऱ्याशी एका शब्दानं भांडल्या नव्हत्या. त्यांनी त्याला त्याच्याच नियमानं बांधून, शेवटपर्यंत ऐकायला बसवलं होतं.

पहिले काही दिवस पंजाबराव भिंतीकडे तोंड करून बसले. मंडळी मात्र वाढत गेली. शेतातल्या निंदणाहून आलेल्या बाया हातपाय धुऊन थेट अंगणात यायच्या. म्हातारे भाऊराव, आयुष्यभर देवाच्या गोष्टी ऐकलेले, दुपारी पारावर तापीच्या बापावर चिडायचे. "अशी गुणाची लेक, अन् याले काय रोग झाला?" पंजाबराव तिथूनच जात असले तरी कुणी आवाज खाली करत नसे. तिसऱ्या दिवशी दामोदर नदीच्या पुरात उतरून कुणाचा बैल वाचवतो, तेव्हा भिंतीकडे तोंड केलेल्या पंजाबरावांनी "पोरगं हिमतीचं हाय," असं म्हटलेलं मी ऐकलं.

एका संध्याकाळी वाचन थांबवताना झुंबरबाई सहज म्हणाल्या, "उद्या तापीचं लगन."

पुढं जे झालं ते त्यांच्याही ध्यानीमनी नव्हतं. पोथीत देवाच्या लग्नाचा अध्याय आला की आमच्याकडे खरंखुरं लग्न लावायची रीत आहे. अक्षता, मंगलाष्टकं, मुलीच्या बापाच्या जागी यजमान उभा. तर दुसऱ्या दिवशी बाया काठाची पातळं नेसून आल्या. भाऊराव धुतलेली टोपी घालून आले. छायानं ताटभर अक्षता आणल्या. झुंबरबाई दारात उभ्या राहून पाहतच राहिल्या.

त्या दिवशीचं वाचन लग्नापाशी आलं. पुस्तकात त्याला दोनच वाक्यं होती, ती त्यांनी वाचली. तापीचं लग्न झालं. तिच्या घरचं कुणी आलं नव्हतं.

छाया मूठभर अक्षता घेऊन तशीच बसून होती. "असं कसं, माय? आमी आलो ना."

"लेकीच्या बाजूनं कोनी उभं राहा लागते," भाऊराव म्हणाले. "पोथीच्या लग्नात यजमानच बाप असते. इतकी वर्सं आपन तसंच करत आलो."

सगळ्यांनी पंजाबरावांकडे पाहिलं. मला खरंच भीती वाटली. वाटलं, हा माणूस आता समई लाथाडून उठेल आणि झुंबरबाईंच्या तीन वर्षांच्या मुक्या सोसण्यावर पाणी पडेल. पंजाबराव उठले. टोपी सारखी केली. आणि चौरंगाजवळ, दर खेपेला देवाच्या लग्नात उभे राहत त्याच जागी, येऊन उभे राहिले.

रीतीप्रमाणे बापानं नवरदेवाचं नाव मोठ्यानं घेऊन मुलगी द्यायची असते. पंजाबरावांनी बायकोकडे न पाहता विचारलं, "नवरदेवाचं नाव काय?"

दामोदरचं नाव पोरासोरांनाही पाठ झालं होतं. पंजाबरावांना माहीत नव्हतं असं नाही, पण पोथीत विचारायचीच रीत आहे. झुंबरबाईंनी शेजारचा तांब्या उचलला, पाणी पिऊन तो खाली ठेवला.

"राजकुमार," त्या म्हणाल्या.

ज्या बाईनं त्या पुस्तकातला काना-मात्राही कधी इकडचा तिकडे केला नव्हता, तिनं ते नाव घेतलं होतं, आणि भर सभेत, नवऱ्याच्या तोंडावर. पंजाबरावांनी हातातल्या अक्षतांकडे पाहिलं. मग त्यांनी घसा साफ केला आणि दर खेपेला लावत तसाच वरचा आवाज लावून म्हणाले,

"माही लेक समता, म्या राजकुमारले देल्ली."

छायानं मंगलाष्टक सुरू केलं. तिच्या तोंडून मंगलाष्टक ऐकलं त्याला वर्षं झाली होती. अक्षता त्या पुठ्ठा नसलेल्या, कडा खाल्लेल्या पुस्तकावर पडत राहिल्या. मी रडत होते, आणि आमचे हे चष्मा पुसण्याचं निमित्त करत होते. चाळीस वर्षं मी पुस्तकं वाचते आहे, पण पुस्तकात एवढी ताकद असते हे मला त्या अंगणात कळलं.

सगळं शांत झाल्यावर पंजाबराव खाली बसत म्हणाले, "लगन लागलं म्हनजे आता जावयाले धोंड्याले बलवा लागते. नियम हाय."

झुंबरबाईंनी मान हलवली आणि अध्याय पुढं वाचायला घेतला. आवाज नेहमीचाच होता, फक्त ओळ चुकू नये म्हणून बोट पानावर ठेवलं होतं.

समाप्तीच्या दिवशी समता आणि राजकुमार नांदुऱ्याहून आले. अंगणाच्या कडेला दोघं घुटमळले. पंजाबराव पुढं झाले. जावयाला एवढंच म्हणाले, "बसा." तीन वर्षं ज्याचं नाव घरात घ्यायचं नव्हतं त्याला हा मानाचा शब्द निघाला, तेव्हा राजकुमारला बसायचं कुठं तेच सुचेना. दुपारी धोंडे झाले. झुंबरबाईंनी जावयाला आग्रह करकरून वाढलं, आणि समता आईच्या पाठीशी स्वयंपाकघरात बसून राहिली.

संध्याकाळी शेवटचा अध्याय. मला वाटलं, ज्या बाईनं नवरदेवाचं नाव बदललं ती शेवटही गोड करील. आता कशाला कुणाला दुखवायचं? पण झुंबरबाईंनी जसं होतं तसं वाचलं, एक शब्द न गाळता. तापीचा बाप रोज संध्याकाळी नदीकाठी येऊन पलीकडे बघत उभा राहायचा. पलीकडे तापीच्या घरात दिवा लागायचा. असं करता करता तो म्हातारा झाला आणि एक दिवस अलीकडच्या काठावरच गेला. लोक त्याला उचलायला आले तेव्हा त्यांनी पाहिलं, नदीला गुडघाभर पाणी होतं.

झुंबरबाईंनी पुस्तक मिटलं. आता पंजाबरावांनी आरती करायची होती. ते खाली बघत बसून होते.

"येडा होता बाप," ते शेवटी म्हणाले. "गुडघाभर तं पानी होतं."

मागून समता म्हणाली, "तुमच्या इथं गळ्याइतकं होतं, बाबा. तरी तुमी आले."

पंजाबरावांनी आरतीचं ताट उचललं. ते उभे राहिले, आणि आम्हीही उभे राहिलो.