गाडीचं सुतक

लालबागेत त्या काळी म्हणायचे, पोर जन्माला आलं की पहिलं तोंड बघतं ते आईचं नव्हे, कालिंदीबाईंचं. बाई मूळच्या गिरगावच्या, कारकुनाच्या घरातल्या. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच कपाळ पांढरं झालं. सासऱ्यांनी मन मोठं केलं आणि सुनेला नर्सबाई केली. तेव्हापासून लालबागेतलं ते छोटं धर्मादाय प्रसूतिगृह हेच त्यांचं सासर आणि माहेर. बोलणं तोंडावर, हात हलका.

एक मात्र त्यांचं कडक होतं. बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर आलं की डोक्यावरून आंघोळ, मगच देवाजवळ दिवा. मध्ये देवाला बोट लावायचं नाही.

यावरून ड्रायव्हर आनंदा त्यांना चिडवायचा. आनंदा मालवणकडचा, चाळिशीतला, तोंडात कायम विडी. शिवाजी पार्कच्या एका निवृत्त गृहस्थांनी आपली जुनी काळी मोटार प्रसूतिगृहाला दिली, तिचं सोनं त्याने केलं. मागची सीट उपटून फळीची खाट बसवली, वर मिणमिणता दिवा लावला, खाटेशी घंटीचं बटण ठेवलं. पोटुशीने बटण दाबलं की आनंदाच्या कानाशी टर्रर्र. एकदा वाजली तर थांबायचं, हे ठरलेलं. या सगळ्यासाठी त्याने इतक्या वायरी ओढल्या होत्या की झाकण उघडलं की आत काळ्या सुतळीचं जंजाळ दिसे. आणि स्टिअरिंगच्या पुढ्यात बोटाएवढा पितळी गणपती.

"बाय, वाईच फूल घाला देवाक," तो मुद्दाम म्हणायचा.

"माझे हात विटाळाचे आहेत रे. तू घाल."

"देवाक खंयचो विटाळ? तो सोताच पार्वतीच्या मळाचो झालेलो!"

"गप बस, मेल्या. गाडी हाक."

छप्पन सालच्या जानेवारीत मुंबई पेटली. संयुक्त महाराष्ट्रासाठी पोरं रस्त्यावर उतरली, गोळ्या सुटल्या, कर्फ्यू लागला. गिरण्या बंद, भोंगे बंद. भर दुपारी लालबागच्या नाक्यावर आपल्याच वहाणांचा आवाज ऐकू येई आणि माणूस मागे वळून बघे. तशात या गाडीला कर्फ्यूत फिरायचा पास होता. पास गाडीच्या नंबरावर होता, म्हणून अडलेल्या बायकांना ती एक गाडीच काय ती आधार.

त्या दिवशी आनंदा आणि कालिंदीबाई एका अडलेल्या बाईला आणायला निघाले होते. पुढे रस्त्यावर दगड पडलेले दिसले. आनंदाने गाडी कडेला घेतली, नेहमीसारखा देवाला हात लावला आणि दार उघडलं.

"रस्तो मोकळो आसा काय बघून येतंय, बाय."

तो कोपऱ्यापर्यंत गेला. मग एक आवाज झाला, बारीकसा, फळी तडकावी तसा. कालिंदीबाई मागे खाटेवर बसून राहिल्या. 'येतो' म्हणून गेलेला माणूस आला नाही. आली ती चार पोरं. त्यांनी बाईंना उतरवलं आणि गाडी ढकलत प्रसूतिगृहाच्या आवारात आणून लावली.

त्यानंतर गाडी सुरू होईना.

आनंदाचा धाकटा भाऊ धोंडू टॅक्सी चालवायचा. भावाला अग्नी देऊन आला, डोकं भादरलेलं, आणि म्हणाला, "दादाचा काम मी करतंय." पण किल्ली फिरवली की इंजिन नुसतं घरघरे आणि मान टाकी. चिंचपोकळीचे गंगाधर मेस्त्री बोलावले. त्यांनी पेट्रोल पाहिलं, प्लग बदलले, कॉइल नवी घातली, शेवटी बॅटरीपासून कॉइलपर्यंत सरळ वायर जोडून पाहिली. ठिणगी म्हणून पडेना.

"बाई, असं मी कधी बघितलं नाही," तेलकट हात फडक्याला पुसत मेस्त्री म्हणाले. "करंट आत जातोय. पण मधेच कुणीतरी पिऊन टाकतंय."

"काहीतरीच काय बोलता, मेस्त्री?"

"मग तुम्ही सांगा कुठं जातो!"

आवारात कुजबूज सुरू झाली. आया शेवंती शपथेवर सांगायची, दिवेलागणीला बंद गाडीतली घंटी वाजते. एकदाच. टर्रर्र. आणि विडीचा वास येतो. "गाडीला सुतक लागलंय, बाई. घरातलं माणूस गेलं तर गाडी कशी चालेल?" कालिंदीबाई तिला रागावल्या. पण तिन्हीसांजेला आवारातून जाताना त्यांची पावलंही आपोआप झपझप पडायला लागली. काचांवर धूळ बसली होती. आत देवाला घातलेली झेंडूची माळ काळी पडली होती आणि ती काढायला कुणी हात घालत नव्हतं.

अशात शैलाला आणलं. कॉटन ग्रीनच्या चाळीतली पहिलटकरीण, वय वीसच्या आत. सासूने आणि दोन शेजाऱ्यांनी हातगाडीवर घालून, गल्लीबोळांतून लपतछपत आणली होती. कालिंदीबाईंनी तपासलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मूल आडवं होतं, रक्त जात होतं. हे काम त्यांच्या हातचं नव्हतं. परळच्या मोठ्या इस्पितळात पोटावर शस्त्रक्रिया, नाहीतर दोघंही जाणार.

"पुन्हा हातगाडीवर घालू?" सासूने विचारलं.

"हातगाडीच्या हादऱ्यांनीच ही वेळ आलीय. आणि गाडीशिवाय हमरस्त्यावर सोडतंय कोण? धोंडू! मेस्त्रींना हाक मार. हिला गाडीत ठेवा."

"पण बाय, गाडी..."

"ठेवा म्हणते ना!"

शैलाला खाटेवर निजवलं. कालिंदीबाई तिच्या उशाशी बसल्या. एक हात तिच्या हातात, दुसरा रक्ताने मनगटापर्यंत माखलेला. धोंडूने किल्ली फिरवली. घर्रर्र, घर्रर्र, आणि पुन्हा सगळं शांत. मेस्त्री झाकणात डोकं घालून काहीतरी ओढत होते. पुन्हा घर्रर्र. शैलाचे ओठ पांढरे पडत चालले होते.

"बाई," ती पुटपुटली, "पुढं कोण बसलंय?"

"धोंडू आहे, बाळ."

"तो नाही. त्याच्या बाजूला."

धोंडूच्या शेजारची सीट रिकामी होती. बाईंनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि सवयीने समोर बघितलं.

ही सवय जुनी. या खाटेशी बसून किती वाटा त्यांनी अशाच काढल्या होत्या. बाई कळा देत असायची आणि समोर, त्या मिणमिणत्या दिव्यात, गणपतीचं पोट आणि सोंड चमकत असायची. त्याच्याकडे बघत त्या मनात अथर्वशीर्ष म्हणायच्या. देव नेहमी त्यांच्याकडे तोंड करून असायचा.

आज देवाची पाठ दिसत होती.

गणपती रस्त्याकडे तोंड करून, काचेतून बाहेर, आनंदा गेला त्या दिशेला बघत बसला होता.

"धोंडू, देव कुणी फिरवला?"

"कोण फिरवतलो, बाय? माका सुतक आसा. मी हात लावूक नाय."

"मेस्त्री, तुम्ही?"

"हे काळे हात देवाला? नाही हो. मी सगळी गाडी खोलली, पण तेवढी जागा सोडून."

आणि बाईंना आठवलं. गाडी थांबली, आनंदा उतरायला लागला, की देवाला हात लावायचा. परत येऊन बसला, की पुन्हा हात लावायचा. त्या समजायच्या, नमस्कार करतो. त्या दिवशीही लावला होता. 'बघून येतंय' म्हणताना.

"धोंडू, देवाला आत वळव. माझ्याकडे तोंड कर त्याचं."

धोंडूने हात अर्ध्यावरून मागे घेतला. "नको, बाय. दादाचा पाप लागात. माका सुतक..."

"मेस्त्री!"

मेस्त्री दोन पावलं मागे सरले. रिकाम्या सीटकडे त्यांनी एकदा बघितलं आणि मान हलवली.

एकाला सुतक, एकाचे हात काळे. आणि आपले? बाईंनी हाताकडे बघितलं. शैलाचं रक्त बोटांवरून ठिबकत होतं. आंघोळीशिवाय देवाला हात लावलाय असं उभ्या आयुष्यात घडलं नव्हतं. तेवढ्यात शैलाची त्यांच्या हातावरची पकड सैल झाली.

'तो सोताच मळाचो झालेलो, बाय.'

हे त्यांना आठवलं की कानाशी कुणी बोललं, ते बाईंना पुढेही कधी सांगता आलं नाही. त्या सीटवरून पुढे ओणवल्या, हात लांब केला आणि त्या रक्ताच्या बोटांनी गणपती धरून फिरवला. जड गेला. मग खाली कुठेतरी टिक् झालं आणि देवाचं तोंड त्यांच्याकडे आलं.

"आता मार किल्ली."

पहिल्याच घरघरीला इंजिन धडधडायला लागलं.

परळच्या इस्पितळात शैलाला मुलगी झाली. दोघी वाचल्या.

परत येताना दिवेलागण होत होती. रस्त्यावर दिवे नव्हते, खिडक्या लावून घेतलेल्या. धोंडू घाबरलेला, म्हणून कालिंदीबाई पुढे त्याच्या शेजारी बसल्या. मागे खाट रिकामी. आनंदा रस्ता बघायला गेला होता तो कोपरा आला, आणि कानाशी घंटी वाजली. एकदाच.

धोंडूने करकचून ब्रेक लावला. त्याला मागे बघवेना.

बाईंनीही मागे बघितलं नाही. त्यांनी पदर सावरला आणि घरातल्या माणसाला सांगावं तसं म्हणाल्या, "पोचली रे ती, आनंदा. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. आता तू ये हो." मग धोंडूला म्हणाल्या, "चल."

सुतक फिटल्यावर मेस्त्रींनी गणपतीखालचे स्क्रू सोडले. खाली फिरतं बटण निघालं आणि त्यातून निघालेली केसासारखी वायर त्या जंजाळातून थेट इंजिनात गेली होती. देव बाहेर वळवला की सगळा करंट लोखंडात मुरून जायचा. धामधुमीत गाडी कुणी पळवू नये म्हणून आनंदाने केलेली चोरखीळ. घरच्यांनाही सांगितली नव्हती.

"बघा, भूत नाही की काही नाही," मेस्त्री हसून म्हणाले. "काढून टाकू?"

"राहू दे," बाई म्हणाल्या. त्या दिवसापासून निघताना देव आत वळवायचं काम त्यांचंच झालं, हात कसेही असोत. सोंडेवरचा तो लाल डाग त्यांनी पुसू दिला नाही. नवख्यांना तो शेंदूर वाटायचा.

"आणि मेस्त्री, तेवढी घंटीची वायरही बघा. त्या दिवशी मधेच वाजली."

मेस्त्री झाकण लावता लावता थांबले. "ती कशी वाजेल, बाई? पहिल्याच दिवशी करंट शोधताना मी ती तोडून बाजूला ठेवली. अजून जोडलीच कुठंय?"



"मग जोडू नका," बाई म्हणाल्या. "त्याचं विचारून झालंय." आणि दिवा लावायला आत गेल्या.