आण्णांचा कान

घोडेगावात स्टँडच्या पुढं वडिलांचं, म्हणजे आण्णांचं, गॅरेज होतं, जुन्या डिझेल गाड्यांचं. दगड-विटांचे ट्रक, टेम्पो, भीमाशंकरला यात्रेकरू नेणाऱ्या खिळखिळ्या व्हॅन, सगळं आमच्याकडं यायचं. आण्णा स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून सांगायचे, कुठला सिलिंडर काम करत नाही ते. मलाही तसंच ऐकायला लावायचे. चुकलो की पान्हा बोटांच्या पेरांवर बसायचा, तोही गिऱ्हाइकांसमोर. माझं लग्न झालं, दोन मुलं झाली, तरी बसायचा.

नव्वदचं दशक सरता सरता त्यांना कमी ऐकू यायला लागलं. ते कुणाला सांगत नव्हते, पण माझ्या लक्षात आलं होतं. एका सकाळी चार-पाच ड्रायव्हर चहा पीत बसले असताना मी एका ट्रकच्या तिसऱ्या सिलिंडरला डिझेल देणाऱ्या नळीचा नट मुद्दाम ढिला केला आणि आण्णांना हाक मारली.

त्यांनी बराच वेळ कान लावला. मग म्हणाले, "दुसरा."

"तिसरा हाय," मी आवाज चढवून म्हणालो. "मीच ढिला केलाय."

ड्रायव्हर हसले. "मिस्त्री रिटायर झालं राव," एक जण म्हणाला. आण्णांनी नट आवळला आणि हात पुसले. मला लई बरं वाटलं. ते आता लपवण्यात अर्थ नाही.

त्या दिवसापासून ते इंजिनाजवळ आले नाहीत. दाराशी बसून डिझेलच्या घमेल्यात पार्ट धूत राहायचे.

दोनेक वर्षांनी घाटघरचा एक माणूस त्याची जुनी व्हॅन घेऊन आला. डोंगरातली माणसं तो जुन्नरच्या बाजारात ने-आण करायचा. चढाला लागली की गाडी बंद पडायची. जुन्नरचे दोन मिस्त्री करून झाले होते.

"थोरले मिस्त्री कुठं हायेत?" त्यानं विचारलं.

"त्यांना ऐकू येत न्हाई आता. मी बघतो."

डिझेलमध्ये हवा धरत होती, एवढं मला कळलं. मी पंप काढला, दुरुस्त करून आणला, बसवला. गाडी चढाला पुन्हा बंद. तिसऱ्या दिवशी आण्णा न सांगता गाडीखाली सरपटत गेले. डिझेलच्या पाइपावरून टाकीपासून हळूहळू बोटं फिरवली आणि बाहेर येऊन म्हणाले, "टाकीपाशी पट्टीखाली पाइप चिरलाय. डिझेल गळत न्हाई, पण हवा ओढतोय."

"म्हातारपण हाय, मनावर घेऊ नका," मी त्या माणसाला म्हणालो.

आण्णा जेवायला घरी गेले. मी पट्टी काढली. पाइपाला केसाएवढी चीर होती. मी तेवढा तुकडा बदलला. गाडी चढ चढून आली.

आम्ही परतलो तेव्हा आण्णा दाराशी उभे होते. "काय निघालं?"

मी त्यांच्या कानाला तोंड लावलं. "पंप."

व्हॅनवाला स्टिअरिंगवर बसून माझ्याकडं बघत होता. "मिस्त्रींचंच बरोबर व्हतं की," तो म्हणाला.

"काय म्हणतोय?" आण्णांनी मला विचारलं.

"पंपच व्हता, म्हणतोय."

आण्णांनी मान हलवली. स्वतःच्या बोटांकडं बघत म्हणाले, "मग हातातलं बी गेलं."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गॅरेजला यायचं सोडलं. घाटघरवालाही पुन्हा आला नाही. आण्णा त्यानंतर चार वर्षं जगले, बहुतेक ओट्यावर बसून. शेवटच्या आजारपणात एकदा मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं, "आण्णा, पाइपच चिरला व्हता."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "कुठल्या गाडीचा?"

"घाटघरच्या व्हॅनचा."

त्यांना ती गाडी आठवेना. मी पुन्हा सांगितलं नाही.