आठ वाजता हजर

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत तिला अकरा वर्षं झाली होती. कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण आठ वाजण्याशी तिचं वैर होतं. आठला संगणकात नाव आणि पासवर्ड टाकला की हजेरी लागायची. लेकीच्या शाळेचं फाटकही आठलाच उघडायचं, त्याआधी मुलांना आत घेत नसत. पोरीला सोडून धापा टाकत पोचेपर्यंत साडेआठ. मग प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमची बोलणी.

शेवटी संगणकवाल्यालाच तिची दया आली. आठच्या ठोक्याला संगणक चालू करून तिचं नाव-पासवर्ड आपोआप भरणारा एक प्रोग्रॅम त्याने बसवून दिला. "ताई, आता तुम्ही अंथरुणात असलात तरी हजर." सात महिने ती न धावता कामावर आली.

त्या मंगळवारी तिने संगणकातली दाखल्यांची यादी उघडली आणि एका ओळीवर थांबली. मुलींच्या वसतिगृहाच्या टाकीचं पाणी 'पिण्यास योग्य' म्हणून दाखला गेला होता. वेळ आठ वाजून सात मिनिटं, खाली तिचं नाव. त्या नमुन्याच्या नळ्या तर अजून जंतू वाढतात का बघायच्या उबेच्या कपाटात होत्या. काढून बघितल्या. पिवळ्या पडलेल्या, आत बुडबुडे. म्हणजे जंतू.

"काका, माझ्या संगणकाला कोणी हात लावला?"

नमुने आणणारे काका बाटल्या धूत होते. "मीच की. उघडाच होता. यादी तुंबलेली, म्हटलं तुला तेवढाच हातभार. 'योग्य'चं हिरवं बटण दाबत गेलो."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना कुठे? तू आलीस ना तेवढ्यात. पाचच झाले."

बाकीच्या चार नमुन्यांच्या नळ्या स्वच्छ निघाल्या. तिने वसतिगृहाला फोन लावला. तिथल्या बाई ऐकेनात. "अहो, योग्य म्हणून तुमचाच कागद आलाय. लेखी रद्द करा, मग टाकी बंद करते. दोनशे मुली आहेत इथे."

रद्द करायचं तर कारण लिहायचं. स्वतःची चूक म्हणावं, तर सहीचा अधिकार गेला. काकांचं नाव घ्यावं, तर तू तेव्हा कुठे होतीस, हे आलंच.

तिने संगणकवाल्याला गाठलं. तो हळूच म्हणाला, "ताई, माझं नाव नका घेऊ. घरी दोन लेकरं आहेत."

"मला एकच आहे, म्हणून मी बुडायचं होय?"

ती जागेवर परतली. तिकडे नळ वाहतच असणार. तिने लिहिलं, 'दाखला गेला तेव्हा मी इथे नव्हते. माझ्या नावाने संगणक आपोआप उघडतो.' आणि पाठवून दिलं. पाच मिनिटांत टाकी बंद झाल्याचा फोन आला, दहाव्या मिनिटाला मॅडमचं बोलावणं.

"किती दिवस चाललंय हे?"

"सात महिने."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "नोकरीचं काय ते वरचे ठरवतील. तोवर रोज आठला मला समोर दिसायला हवीस."

"हो मॅडम," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?