मैलगड आणि माझी हाव

बासष्टाव्या वर्षी चढाईचे बूट घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराने विचारलं, "मॉर्निंग वॉकसाठी का, काकू?" मी म्हटलं, "नाही, गड चढायचाय." त्याने माझ्या गुडघ्यावरच्या पट्ट्याकडे पाहिलं आणि आणखी मऊ तळव्याचा जोड काढला.

बुलढाणा जिल्ह्यात फिरायला आहे तरी काय, असं लोक विचारतात. बुलढाण्यात राहणारेसुद्धा. आणि "लोणार, सिंदखेडराजा, झालं" असं उत्तर स्वतःच देऊन टाकतात. पण उत्तरेला जळगाव जामोदच्या पुढे सातपुडा उभा आहे आणि त्यात मैलगड नावाचा विसरलेला किल्ला आहे. मला तो आठवीपासून ठाऊक आहे. पाहिला मात्र नव्हता. त्याच्या पायथ्याशी एक अख्खा दिवस मी बसमध्ये काढला होता.

मी कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात वाढले. पांढरे मोजे, जेवणाआधीची प्रार्थना, आणि इंग्रजीत बोला नाहीतर गप्प बसा. सुट्टीत घरी गेलं की वऱ्हाडी सुटायची, परतताना ती ट्रंकेच्या तळाशी जायची. आठवीची सहल मैलगडाला निघाली. मी अंगाने जाड, चढावर धाप लागायची. मराठीच्या बाई नुकत्याच पुण्याहून आल्या होत्या. पायथ्याशी त्यांनी विचारलं, "तू वर येणार, की बसमध्ये डब्यांपाशी बसणार?" मला वर जायची इतकी घाई की तोंडातून घरचा शब्द निसटला, "हाव!"

आमच्याकडे हाव म्हणजे हो. बाईंच्या पुण्यात हाव म्हणजे हावरटपणा. "हाव? कसली गं? डब्यांची?" सगळा वर्ग खो खो हसला. बाई वाईट नव्हत्या. मला डब्यांपाशीच बसायचंय असं त्यांना खरंच वाटलं. मीही दुरुस्त केलं नाही. बसले. पुढे दहावीपर्यंत माझं नाव 'हावरी' राहिलं, आणि तो शब्द मी तोंडातून कायमचा काढून टाकला. मला पाहायला आलेल्यांनी पसंती विचारली तेव्हासुद्धा 'होय' म्हणाले.

त्या दिवशी माझ्या शेजारच्या कॉटवरची नसीम, मलकापूरच्या कापड-दुकानदारांची मुलगी, गडावरच्या टाक्यातलं पाणी आपल्या बाटलीत भरून घेऊन आली. "पी," म्हणाली, "तू वर जाऊन आली समज." मी प्यायले. पण समजता काही आलं नाही.

यंदा डिसेंबरात तिचाच फोन आला. "मैलगडाले चालते का? यंदा नाई गेलो तं मंग आपल्याले उचलून न्या लागन." मी हसले आणि कॅलेंडरवर खूण केली. पुण्याला असलेला माझा मुलगा मात्र वैतागला. "आई, गुडघ्याचं ऑपरेशन करायचं की गड चढायचा, एक काय ते ठरव." मी फोन ठेवला आणि बूट घ्यायला गेले.

बुलढाण्याहून सकाळी सहाची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे मलकापूरपर्यंतचा प्रवास अगदी स्वस्तात होतो. शक्यतो डावीकडची खिडकी पकडा. राजूर घाट उतरताना धुक्यातून खालची शेतं एकेक करून उघडत जातात आणि पठारावरची थंडी मागे राहते. मलकापूरला नसीम गाडी घेऊन उभी होती. गाडी दिवसभराची, डिझेलसकट अडीच हजार. जिथे जायचंय तिथून परतीची बस वेळेवर मिळेलच असं नाही, म्हणून गाडीच करा.

नांदुरा, मग पूर्णेचा पूल, मग दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस आणि पिवळी पडत चाललेली तूर. जळगाव जामोदला आलुबोंडा आणि तर्री खाल्ली. नसीमने तर्री दुसऱ्यांदा मागितली, मी तिला डॉक्टरांची आठवण करून दिली. दोन वर्षांपूर्वी तिच्या छातीत स्टेंट बसवलाय. "डॉक्टर तिखटाले नाई बोलले, चिंतेले बोलले," ती म्हणाली, "आन् चिंता तं तू करून राह्यली."

गावाबाहेर पडताच सातपुडा समोर आला. तो निळा नाही, चित्रातल्यासारखा नाही. तपकिरी, सुक्या सागाच्या पानांचा, मधूनच पळसाचा एखादा हिरवा ठिपका. पुढचा रस्ता खडबडीत आहे, गाडी सावकाश घ्या. पायथ्याच्या आदिवासी वस्तीत आम्ही वाट दाखवणारं कोणी आहे का विचारलं. झिनाबाई निघाल्या, पन्नाशीच्या, पायात स्लीपर, कमरेला कोयता. त्यांनी आधी माझ्या बुटांकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"हे बूट तुमाले नेतीन का तुमी बुटाले?"

"बघू या," मी म्हटलं.

एकट्याने मुळीच जाऊ नका. वाट आहे, पण ती शेळ्यांना माहीत असलेली वाट आहे. पाचोळ्यावरून पाय घसरतो, आणि फाटे इतके फुटतात की परतताना प्रत्येक वळण नवं वाटतं. पहिला तास मी गुडघ्याशी बोलत चढले. झिनाबाई पुढे जाऊन थांबत, वाटेवरची काटेरी फांदी कोयत्याने छाटत, आणि "इथंच तं हाये" म्हणत. वऱ्हाडात 'इथंच' कधीही इथंच नसतं, हे मला माहीत होतं. तरी बरं वाटायचं.

शेवटच्या चढाखाली एक सपाट जागा आहे. तिथे नसीम दगडावर टेकली. ओठ पांढुरके पडले होते. मी घाबरले. तिने हात वर केला. "काई नाई झालं. पण माही हद्द इथलोक. तू जाय."

"तुला टाकून? मुळीच नाही."

"काऊन? मी काय डबा हाओ?"

झिनाबाईंनी वर पाहिलं, ऊन पाहिलं. त्यांना दुपारी शेळ्या सोडायच्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "बाई, लवकर सांगा. वर येता का इथंच बसता?"

तोच प्रश्न. तोच गड. आणि माझ्या तोंडातून, जवळजवळ पन्नास वर्षांनी, आपणहून निघालं, "हाव!"

झिनाबाईंनी कपाळाला हात लावला. "हाव काय? दोन इचारले मी!"

नसीम पोट धरून हसली. रंग परत आला तिच्या चेहऱ्यावर. "अवं झिनाबाई, ही लहानपनापासून अशीच बोलते. वर येतो म्हनते ते. घेऊन जा तिले, नाईतर पुन्हा डब्यापाशी बसन."

नसीमने जवळच्या सावलीत बसकण मारली, पाण्याची बाटली आणि शिट्टी जवळ ठेवली. काही वाटलं तर वाजवायची, असं ठरलं. मग मी चढले. शेवटचा टप्पा हातापायांनी चढले हे सांगायला लाज नाही. दोनदा झिनाबाईंनी दंडाला धरून ओढलं. एकदा मी एका झाडाच्या मुळाला इतकं घट्ट धरलं की त्याच्याशी नातं जडलं.

आणि मग वर जायला काही उरलंच नाही.

फारसं बांधकाम नाही वर. गवत, ढासळलेले दगड, खडकात खोदलेली पाण्याची टाकी. एका टाक्यात खडकाचेच खांब सोडलेले, आत गार अंधार आणि पाण्यावर थरथरणारा उजेड. दक्षिणेला सगळा मुलूख पसरलेला, धुरकट आणि सपाट. मी टोकाशी उभी राहिले आणि पोटातून ओरडले, "नसीम! आले गं मी!" खालून शिट्टी आली. एकदा, दोनदा, मग लग्नाच्या वरातीत वाजते तशी लांबलचक. झिनाबाई हसून म्हणाल्या, "हे तं तुमच्यापेक्षा खूश हाये."

टाक्याशी वाकून मी बाटली भरली. (तुम्ही प्यायचं पाणी घरूनच न्या.) उतरताना गुडघा खूप बोलला. मी त्याला बोलू दिलं.

नसीम उठून उभी होती. मी बाटली पुढे केली. "पी. तू जाऊन आली समज."

तिने पाणी उजेडात धरून पाहिलं. "कचरा हाये याच्यात."

"तेव्हाही होता. मी प्यायले होते."

तिने एक घोट घेतला आणि थोडं पाणी डोळ्यांना लावलं. मग झिनाबाईंच्या घरी मक्याची भाकर आणि मिरचीचा ठेचा झाला. त्यांनी घेतलेले पैसे मला कमी वाटले, आम्ही थोडे जास्त ठेवले. तुम्हीही ठेवा.

आज चौथा दिवस. बूट गच्चीवर उन्हात आहेत, त्यांच्या शिवणीत कुसळं अडकलेली आहेत आणि मी ती काढत नाही. गुडघ्याला तेल लावतेय. भाजीवालीने काल "मेथी देऊ का?" विचारलं, तेव्हा मी 'हाव' म्हटलं आणि तिने मेथी दिली. इतकं सोपं होतं ते.

सकाळी मुलाचा फोन आला. फोटो पाहून त्याचा राग निवळला होता. तरी दटावणीच्या सुरात म्हणाला, "आई, झालं ना आता समाधान, की अजून कुठे चढायचं शिल्लक आहे?"

"हाव," मी म्हटलं.

"आई, मी दोन गोष्टी विचारल्या."

"ठाऊक आहे मला," मी म्हटलं.