नळीचा पीळ

भुजंग सोनकांबळे फौजेतून हवालदार होऊन गावी परतला, तेव्हा जुन्या जिल्ह्यातून फुटून लातूर वेगळा जिल्हा होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. बावीस वर्षं त्यानं रायफली उघडल्या, पुसल्या, दुरुस्त केल्या आणि पुन्हा जोडल्या होत्या. डोळे बांधून रायफल हातात दिली तरी नुसत्या बोटांनी तिचं दुखणं सांगेल, अशी त्याची पलटणीत ख्याती होती. लोक त्याला तिकडे उस्ताद म्हणत. निलंग्याला उतरल्यावर एसटी स्टँडपासून घरापर्यंत तो पुन्हा नुसता भुजंग झाला.

नव्या जिल्ह्याला सगळंच नवं हवं होतं. तसा एक रायफल क्लबही निघाला. राज्याच्या स्पर्धेत आपल्या जिल्ह्याचं नाव लागलं पाहिजे, म्हणून निलंग्याचे बागायतदार व्यंकटराव सेक्रेटरी झाले. नेमबाज एकच होता, शाळेतले रेवणसिद्ध पंचाक्षरी गुरुजी. पण माणूस असा, की श्वास रोखून बसला म्हणजे खांद्यावर माशी बसली तरी हलायचा नाही. रीतसर परवाना काढून क्लबनं काडतुसं स्वतः भरायचं ठरवलं आणि त्या कामाला भुजंगला बोलावलं. शाळेमागच्या एका खोलीत त्याला टेबल, कुलपाची पेटी आणि सोनाराकडे असतो तसा बारीक काटा मिळाला. वापरलेली पितळी खोळ साफ करायची, बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, दारू तोलून घालायची आणि तोंडाशी गोळी दाबायची. एकेक काडतूस तो असं भरायचा, की त्याची बायको केवळाबाई म्हणायची, "पोरीच्या लग्नात बी एवढ्या जपून अक्षता वाटल्या न्हाईत तुम्ही."

तीन सालं पाऊस नीट पडला नव्हता. गावाबाहेरचा पाझर तलाव माघातच आटला. त्या कोरड्या पोटात मातीचा उंच ढिगारा रचून, त्यावर कागद लावून, क्लबचा सराव सुरू झाला. जागा लांबरुंद, झाड ना झुडूप. पण वारा! सकाळी अकरानंतर तो पश्चिमेकडून असा सुटायचा की तीनशे यार्डांवर गुरुजींची गोळी वीतभर सरकायची. गुरुजी वाऱ्याचा अदमास घेऊन नेम धरायला शिकत होते. आणखी महिनाभर मिळाला असता तर शिकलेही असते.

पण व्यंकटरावांना दम नव्हता. फाल्गुनात ते हैदराबादेहून आले ते एक डबा घेऊन. तो टेबलावर आपटून म्हणाले, "भुजंगा, ह्या बघ. जड गोळ्या. वाऱ्याला जुमानत न्हाईत. उद्यापासून ह्याच भरायच्या."

भुजंगनं एक गोळी उचलली, नेहमीच्या गोळीशेजारी उभी केली. नवी चांगलीच लांब होती.

"साहेब, गोळी चांगली हाय. पर आपल्या रायफलीची न्हाई."

"म्हंजे?"

"नळीच्या आत आटे असतेत. त्या पिळानं गोळी भवऱ्यासारखी फिरते, म्हनून सरळ जाते. आपल्या नळीचा पीळ सैल हाय. आखूड गोळीला पुरतो. एवढ्या लांब गोळीला तेवढी गिरकी मिळनार न्हाई. ती वाटंत लडबडंल, आडवी व्हईल."

"ह्या देनारा हैदराबादचा मानूस येडा हाय का?"

"त्याच्या रायफलीचा पीळ घट्ट असंल."

"तू भर," व्यंकटराव म्हणाले. "बघायचं काम आमचं."

भुजंगनं भरली. फौजेत हुकमाला उत्तर देत नाहीत, ती सवय अजून अंगातून गेली नव्हती. हात मात्र जपून चालवला. जड गोळीला दारू जपूनच घालावी लागते, नाहीतर रायफल फाटायची. वीस काडतुसं भरायला त्याला दोन दिवस लागले.

तलावावर गुरुजींनी दहा बार काढले. कागद आणला तेव्हा त्यावर भोकं सहाच, आणि तीही गोल नव्हती. लांबोडकी, जवसाच्या दाण्यासारखी. गोळी आडवी होऊनच कागदात घुसली होती. उरलेल्या चार कुठं गेल्या कुणाला ठाऊक.

"हे बघा," भुजंग म्हणाला. "भोकच सांगतंय."

व्यंकटरावांनी कागद उन्हाला धरला. "तुझा हात हालला असंल भरताना. एकसारखी पायजे गोळी."

बावीस वर्षांत हे त्याला कुणी म्हटलं नव्हतं. त्यानं गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी रायफल साफ करायची दोरी गुंडाळत होते. गुंडाळून झाली तरी गुंडाळतच राहिले.

दुसऱ्यांदा भरली, तिसऱ्यांदा भरली. दर खेपेला खोळी मोजून मापून सारख्या केल्या, दारूचा कण न् कण तोलला. दर खेपेला तीच आडवी भोकं आणि तेच बोलणं. भुजंग बेजार झाला. घरी ताटावर बसला की घास हातातच राहायचा.

"इतकं कळतंय तुम्हाला, मग सोडून का देत न्हाई?" केवळाबाई विचारायची.

"मी सोडलं म्हंजे त्येंचं खरं ठरलं."

त्यात पाण्याची अडचण. तलावाच्या एका अंगाला बायांनी झिरा खणला होता. वाटीवाटीनं पाणी गोळा व्हायचं, आणि एक घागर भरायला तास जायचा. बाया आल्या की भुजंग लाल निशाण उभं करी आणि गोळीबार थांबे. गुणाबाई त्यांच्यात वयानं मोठी. ती येऊन स्पष्ट सांगायची, "भुजंगराव, झिऱ्याला घाई कळत न्हाई. तुमच्या सायबाला सांगा, आमचं झाल्याबिगर वाजवू नका." व्यंकटराव घड्याळ बघून चरफडायचे.

चैत्रातल्या एका सकाळी बाया आल्या आणि भुजंगनं निशाण लावलं. व्यंकटराव म्हणाले, "काढ ते. झिरा केवढा बाजूला हाय. गोळी काय वळून जानार हाय का?"

"साहेब, ही गोळी कुठं जाईल ते मलाबी सांगता येत न्हाई."

"पंधरा दिवसांवर स्पर्धा आली. गुरुजी, चालू द्या."

गुरुजींनी क्षणभर भुजंगकडे पाहिलं, मग रायफलीवर गाल टेकवला. पहिला बार गेला. दुसऱ्या बाराला ढिगाऱ्याच्या कडेच्या दगडावर ठिणगी उडाली. मोडक्या भोंग्यासारखा भेसूर सूर काढत काहीतरी झिऱ्याच्या बाजूला गेलं, आणि पितळेवर घण पडावा तसा आवाज झाला.

भुजंग पळत सुटला. बाया जमिनीला चिकटून पडल्या होत्या. त्यानं एकेकीला हाक मारली, एकेकीला उठवून बसवलं. कुणाला लागलं नव्हतं. रांगेत ठेवलेल्या घागरींपैकी गुणाबाईची घागर तेवढी फुटली होती. बाजूला बोटभर लांब फाटलेली, कडा आत वळलेल्या. गुणाबाई रडली नाही. तिनं घागर भुजंगच्या हातात दिली आणि म्हणाली, "ही गोळी तुम्हीच भरलेली ना?"

त्याला वाटलं, म्हणावं, मी नको म्हटलं होतं. पण भरली तर त्यानंच होती. तो परत आला, जड गोळ्यांचा डबा बंद केला आणि पेटीची किल्ली व्यंकटरावांपुढं धरली.

"ह्या गोळ्या मी भरनार न्हाई."

"मग दुसरा भरंल. तुझ्यावाचून आडलंय का?"

"न्हाई अडलं," भुजंग म्हणाला आणि घरी आला.

दोन दिवस तो अंगणात बसून त्या घागरीला पितळेचा तुकडा लावत होता. डाग बसला, पण सांध्यातून पाणी पाझरतच राहिलं. त्यानं पुन्हा घासून पुन्हा डागलं. तरी पाझरलंच. गुणाबाईनं शेवटी त्या घागरीत ज्वारी भरून ठेवली.

आठवड्यानं रेवणसिद्ध गुरुजी घरी आले. स्पर्धेआधी सल्ला घ्यायला व्यंकटरावांनी पुण्याहून कुणी जाणता प्रशिक्षक आणला होता. त्यानं रायफल पाहिली, कागद पाहिला आणि चहा यायच्या आत सांगितलं, "नळीचा पीळ सैल आहे. ही गोळी चालणार नाही. जुनीच वापरा."

"आन् व्यंकटराव?" भुजंगनं विचारलं.

"म्हणाले, मला पहिल्यापासून शंका होतीच."

केवळाबाई चहाचे कप घेऊन आली होती, ती तिथंच थांबली. भुजंगनं तिच्या हातातला एक कप घेऊन गुरुजींपुढं ठेवला.

"गुरुजी, तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"हो."

"मग बोलला का न्हाईत?"

गुरुजींनी कपातल्या चहाकडे पाहिलं. "शाळेच्या मंडळावर व्यंकटरावच आहेत," ते म्हणाले. मग कप बाजूला सारून, "हे काही उत्तर नाही, मला माहीत आहे. मी काडतुसांसाठी आलोय. दुसऱ्यानं भरलेल्यावर माझा भरवसा नाही."

"जाऊ नका," केवळाबाई नवऱ्याला म्हणाली. "आता तरी ताठ बसा."

त्याला बसायचंच होतं. पण कुणी कच्चं काडतूस घालून नेम धरतोय, हे त्याच्यानं सोसवत नव्हतं. त्या शाळेमागच्या खोलीत त्यानं नेहमीच्या गोळीची साठ काडतुसं भरली. व्यंकटराव दारात येऊन उभे राहिले, बघून गेले.

राज्यात गुरुजी अकरावे आले. नव्या जिल्ह्याचं नाव पहिल्यांदाच यादीत लागलं. वर्तमानपत्रात फोटो आला तो गुरुजींचा आणि व्यंकटरावांचा.

भुजंगनं पुन्हा त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. निलंग्याच्या स्टँडजवळ तो फवारणीचे पंप आणि पाण्याची इंजिनं दुरुस्त करू लागला. तिथंही लोक सांगायचे, अमुक नळी लाव, तमुक वायसर घाल. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "मला पटलं न्हाई तर मी हात लावनार न्हाई. दुसरीकडं जावा." काही जायचे, काही थांबायचे.

बाया पाणी भरतात तोवर तलावात गोळीबार होऊ नये, असा अर्ज मात्र त्यानं घागर फुटली त्याच आठवड्यात कचेरीत दिला होता. सोबत गुणाबाईचा अंगठा होता. त्याचं उत्तर दीड वर्षानं आलं. सदर तलावाचे कागद जुन्या जिल्ह्यातून अद्याप प्राप्त झालेले नाहीत, सबब अर्ज प्रलंबित ठेवण्यात येत आहे. भुजंगनं ते दोनदा वाचून दाखवलं. गुणाबाईनं विचारलं, "म्हंजे हो म्हनतेत का न्हाई म्हनतेत?"

"काहीच म्हनत न्हाईत, मावशी," भुजंग म्हणाला, आणि दुसरा अर्ज लिहायला कागद शोधू लागला.