वन्संनी पाठवलेली चटणी

माझी सगळी नोकरी भोसरीच्या एका कारखान्यात, तपासणी विभागात गेली. दुसऱ्यानं केलेल्या कामात खोट शोधायची आणि त्याचा पगार घ्यायचा. माणूस निवृत्त झाला तरी डोळा निवृत्त होत नाही. दूधवाल्याचं माप, रिक्षाचं मीटर, डॉक्टरचं निदान, सगळं मी एकदा उलटं करून पाहतो. बायको म्हणते, देवळातला अंगारासुद्धा मी हुंगून घेतो. खोटं नाही.

तर माझी साखर वाढली. डॉक्टरांनी पोळी, भात, बटाटा, साबुदाणा सगळं बंद केलं आणि सांगितलं, एवढ्यानं उतरली नाही तर इन्सुलिन. त्या शब्दाला मी खरोखर घाबरतो. माझ्या आईला शेवटची काही वर्षं रोजची सुई मीच टोचायचो. दंडावर, मांडीवर जागा शोधावी लागायची, आणि ती तेवढा वेळ खिडकीकडे बघत बसायची. त्यामुळे पोळी सोडताना मी कां-कूं केली नाही.

साखर उतरली, पण पोट अडून बसलं. सकाळी पेपर घेऊन आत जायचो, तो निधनवार्तांसकट वाचून तसाच बाहेर यायचो. पाणी प्या म्हणाले, तर खडकवासल्याचं निम्मं धरण प्यालो. अंडी, पनीर आणि दाणे यांच्यावर माणूस जगतो, पण आत काही पुढे सरकत नाही. डॉक्टर म्हणाले, तुमच्या जेवणात चोथाच राहिलेला नाही, आणि टेबलाखालून पावडरीचा एक डबा काढला. तक्रार ऐकायच्या आधीच ज्याचं औषध टेबलाखाली तयार असतं, त्याच्याबद्दल मला शंका येते. डबा सगळ्या बाजूंनी वाचून मी परत ठेवला. ते शांतपणे म्हणाले, "मग पोळी-भात सुरू करा. मी इन्सुलिन लिहून देतो."

घरी आल्यावर बायकोनं सुचवलं की भाज्यांची सालं, देठ, दांडे आपण टाकून देतो, ते खात जा. मी म्हटलं, सालं गुरांना घालतात. ती गप्प बसली. आमच्या घरात वाद न घालता कोणी गप्प बसलं की समजावं, पाणी कुठंतरी मुरतंय. मी समजलो नाही.

थोड्याच दिवसांत पोट साफ व्हायला लागलं. सुख वाटायच्या आधी मला संशय आला. बायकोनं तीच पावडर आणून ताकात कालवली असणार. ताक हुंगलं, फडताळातले डबे उघडले, तिच्या कपाटात साड्यांमागे हात घालून पाहिला. काही सापडलं नाही. ताटात नवं म्हणावं तर एक चटणी होती, हिरवट, कुरकुरीत, तिळाची. कुठली म्हणून विचारलं, तर म्हणाली, "वन्संनी पाठवलीय." वन्सं म्हणजे माझी थोरली बहीण, येरवड्याला असते. तिचं नाव आलं की माझी तपासणी थांबते. तरी फोन करून चटणी छान झालीय म्हणून सांगितलं. ती जरा घुटमळली आणि म्हणाली, "खात जा रोज." ते घुटमळणं माझ्या लक्षात राहिलं.

त्यातच दुसरी गोष्ट दिसली. मला वाढून झालं की बायको आत ओट्याशी उभ्यानंच जेवायची. एका छोट्या, झाकलेल्या कढईतली फिकट फोडींची भाजी पोळीबरोबर भराभरा संपवायची. बटाटा, मी ठरवून टाकलं. माझा बंद करून ही चोरून खातेय. राग आला, आणि खरं सांगायचं तर वाईट वाटलं. मी काही हौसेनं बटाटा सोडला नव्हता.

धागा हाती दिला तो कचरा न्यायला येणाऱ्या बाईंनी. त्याही माझ्याच वळणाच्या. दारात बादली तिरकी करून बघत म्हणाल्या, "काका, तुमच्याकडं हल्ली ओला कचराच निघंना झालाय. दुसऱ्या कुणाला देताय का?"

बादलीत चहाचा चोथा आणि अंड्यांची टरफलं, बस्स. मंडईतून पिशवी भरून भाजी येते आणि एक साल नाही? बटाट्याचंसुद्धा नाही?

पाणी प्यायच्या निमित्तानं मी स्वयंपाकघरात गेलो. तव्यावर दोडक्याच्या शिरा तिळाबरोबर भाजल्या जात होत्या. शेजारी फ्लॉवरचे दांडे किसून ठेवलेले, म्हणजे माझी कोशिंबीर. मी छोट्या कढईवरचं झाकण उचललं. आत सोललेला दोडका होता.

बायकोनं तवा हलवणं थांबवलं नाही. "साल तुम्हाला दिलं, मग गराचं काय करायचं? रोज दोडका वाढला असता तर तुम्ही चटणी ओळखली असती. टाकून दिला असता तर बादली तपासली असती."

दोन्ही खरं होतं. मला आठवला तो आमचा बघण्याचा कार्यक्रम. माझ्या आईनं मुलीला विचारलं होतं, काय आवडत नाही? मुलीनं मान वर करून एकच भाजी सांगितली होती, दोडका. वासानंच मळमळतं म्हणाली होती. लग्नानंतर आमच्या घरात दोडका आला तर माझ्यापुरताच यायचा. आणि आता रोज ती तो ओट्याशी उभी राहून गिळत होती, मला सुई लागू नये म्हणून.

मी ताट आणलं, कढई त्यात रिकामी केली आणि तिच्या शेजारी उभा राहून खायला लागलो. भाजी गोडसर लागली. गूळ घातलायस का, हे अगदी ओठांवर आलं होतं. मी विचारलं नाही.