खाणीतलं तरस

गावाच्या पूर्वेला, माळ जिथं उतरायला लागतो, तिथं दगडाची एक बंद पडलेली खाण आहे. पोल्ट्रीवाले मेलेल्या कोंबड्या पोत्यात भरून तिथं टाकतात. दिवाळी झाल्यावर त्या खाणीत तरस आल्याची बातमी पसरली आणि माझी झोप उडाली.

मी सातारची, शहरात वाढलेली. नवरा सैन्यात, कायम लांबच्या पोस्टिंगवर. विट्याच्या पुढं आटपाडीच्या अंगाला असलेल्या या गावात मी हायस्कूलवर मराठी शिकवायला आले, तेव्हा लेक अजून बालवाडीत होती. एका धनगर कुटुंबानं त्यांच्या घरातल्या दोन खोल्या आम्हाला भाड्यानं दिल्या. त्यांच्या मागच्या पिढीपर्यंत मेंढरं होती, आता थोडं डाळिंब आणि दारात चार शेळ्या. घरमालकिणीला मी काकू म्हणायची. त्या मला बाई म्हणायच्या, आणि माझ्या लेकीला आपल्या नातवंडांच्या पंगतीत बसवून जेवायला घालायच्या.

तरस मी जन्मात पाहिलं नव्हतं, तरी मला त्याची सगळी माहिती होती असं मला वाटायचं. लहानपणी वाचलेल्या शिकारकथांतून ते मनात येऊन बसलेलं. त्या कथांमध्ये वाघाला रुबाब असायचा, बिबट्याला चपळाई असायची. तरसाला मात्र काहीच चांगलं नसायचं. ते उकरायचं, ओढून न्यायचं, पाळण्यातलं मूल उचलायचं, आणि मग अंधारात माणसासारखं हसायचं. आमच्या शाळेच्या वाचनालयातही अशाच एका गोष्टीचं पुस्तक होतं. त्यातलं तरस आईचा आवाज काढून मुलांना हाक मारायचं. शेवटच्या पानावर चित्र होतं: उतरत्या पाठीचं एक जनावर, आणि त्याच्या जबड्यातून लोंबणारं दुपट्यातलं बाळ. मी ती गोष्ट सहावीच्या वर्गाला आवाज बदलून वाचून दाखवली होती. मुलांना ती इतकी आवडली की पुढं महिनाभर तीच हवी म्हणून हट्ट चालला होता. लेकीनं ती माझ्याकडून घरी ऐकली. त्यानंतर ती परसातल्या मोरीकडं एकटी जाईना.

मग पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. तरसांची टोळी एका म्हशीला जिवंत फाडतेय. खाली लिहिलं होतं, ‘आपल्या खाणीतील दृश्य.’ त्यातलं गवत कमरेएवढं होतं. आमच्या माळावर गवत घोट्याच्या वर कधी येत नाही. शिवाय त्या जनावरांच्या अंगावर ठिपके होते, आणि खाणीतलं जनावर ज्यांनी पाहिलं ते पट्टे सांगत होते. हे सगळं माझ्या लक्षात आलं होतं. तरी मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला, आणि दुसऱ्या दिवसापासून लेकीला शाळेत सोडायला स्वतः जाऊ लागले.

तो रविवार होता. मी ओसरीत पेपर तपासत बसले होते. गल्लीत मुलांचा लपंडाव चालला होता. त्यांचा आरडाओरडा कानावर पडत होता तोवर मी निवांत होते. मग आवाज थांबले. थोड्या वेळानं मुलंच दारात येऊन उभी राहिली.

“बाई, तुमची पोरगी घावंना,” त्यातली मोठी मुलगी म्हणाली. “आमी डाव मोडला म्हणून लय हाका मारल्या. ती भाईर येईना.”

पहिल्यांदा मला राग आला. मग मी गोठा पाहिला, माळा पाहिला, चाऱ्याच्या गंजीमागं पाहिलं, आणि राग कुठल्या कुठं गेला. काकूंनी हातातलं सूप टाकून गल्ली पालथी घातली. माणसं जमली. कुणीतरी विहिरीत डोकावलं, कुणी शेततळ्याकडं पळालं. त्या तळ्याचा प्लास्टिकचा उतार इतका निसरडा असतो की त्यात पडलेला कुत्राही वर येत नाही. तिथून माणूस परत येईपर्यंत मी भिंतीला हात लावून उभी होते. त्यानं लांबूनच हात हलवून ‘नाही’ सांगितलं, तेव्हा मी खाली बसले.

ऊन कलायला लागलं होतं. “खाणीकडं बघितलं का कुणी?” असं कुणीतरी विचारलं.

काकूंचे धाकटे दीर मोटरसायकलवर खाणीकडं जाऊन आले. त्यांच्या हातात एक लहान चप्पल होती, निळी, अंगठ्याजवळ तुटलेली.

“बाई, बघा बरं. ही तिचीच हाय का?”

मी चप्पल हातात घेतली. माझ्या लेकीची चप्पल निळी होती का? सकाळी तिनं पायात काय घातलं होतं? रोज मी स्वतः तिच्या पायात चप्पल चढवत होते, आणि त्या क्षणी मला काही म्हणजे काही आठवेना. डोळ्यांपुढं फक्त पुस्तकातलं ते शेवटचं पान होतं. मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. मी नुसती रडायला लागले. लोकांनी त्याचा अर्थ लावला.

“चला रं!” काकूंचे दीर ओरडले. काठ्या निघाल्या, कुऱ्हाडी निघाल्या. कुणी वाळलेल्या बाभळीच्या फांद्या ट्रॅक्टरमध्ये टाकल्या, कुणी घरातून मिरच्या आणल्या. बिळाच्या तोंडाशी मिरच्यांचा धूर केला की आतलं जनावर बाहेर येतं, असं ते बोलत होते. मलाही जायचं होतं. काकू मला धरून बसल्या. “आसंल कुठंतरी,” त्या म्हणत होत्या, पण त्यांचा हात माझ्या हातापेक्षा गार होता.

तेवढ्यात माझा फोन वाजला. नंबर अनोळखी.

“आई, तू रागावणार नाहीस ना?”

लेकीचा आवाज. सुट्टीवर आला असताना तिच्या बाबानं तिच्याकडून माझा नंबर पाठ करून घेतला होता. मग दुसरा आवाज आला, घाबरलेला, पुरुषी. ते गाद्यावाले चाचा होते. विट्याचे. आपल्या टेम्पोत कापूस आणि तयार गाद्या भरून ते गावोगाव फिरायचे. दुपारी आमच्या गल्लीत एक गादी देऊन गेले होते.

“बाई, पोरगी माझ्या टेम्पोत हाय. खुदाकसम, मला ठावं न्हवतं. गाद्यांच्या मदी लपली आन् झोपली. आता हितं फुडच्या गावात गादी उतरवाया मागचं फळकुट काढलं, तर ही उठून बसली. काय करू मी?”

“अहो, घेऊन या तिला!” मी जवळजवळ ओरडलेच.

“आणतो. पर बाई, आधी लोकास्नी सांगा. पोर माझ्या गाडीत हाय म्हनल्यावर...” ते थांबले. “पोरं पळवायच्या गोष्टी किती उठत्यात, तुमाला ठावं हाय. मी न्हाई पळवली.”

“चाचा, तुम्ही या. मी सांगते सगळ्यांना.”

फोन ठेवला. काकू मोठ्यानं रडल्या, मग हसल्या, मग देवघराकडं धावल्या. आणि माझ्या ध्यानात आलं की त्या गावाहून आमच्याकडं येणारा रस्ता खाणीला लागूनच जातो. तिथं या घडीला गावातले सगळे तरणे पुरुष काठ्या-कुऱ्हाडी घेऊन, डोकी तापवून उभे आहेत. आणि त्यांच्या समोर हरवलेली पोर मागं बसवून एक टेम्पो येणार आहे. मी चाचांना उलटा फोन लावला. तो लागेना. काकूंच्या दिरांचाही लागेना.

मी स्कूटी काढली. त्या कच्च्या रस्त्यानं मी अशी गाडी कधी चालवली नव्हती, पुन्हा कधी चालवणारही नाही. लांबून मला खाणीवर धूर दिसला. टेम्पो अजून दिसत नव्हता.

“सापडली!” मी गाडी टाकून धावत सुटले. “पोरगी सापडली! सुखरूप आहे! गाद्यावाल्या चाचांच्या टेम्पोत झोपली होती. ते घेऊन येतायत. त्यांनीच फोन केला!” मी हे तीन-चारदा ओरडले, प्रत्येक टोळक्यापुढं जाऊन. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी आकाशाकडं हात जोडले. चाचांना कुणी वेडंवाकडं बोललं नाही. मला हुश्श झालं.

पण आग तशीच होती. खडकाच्या खालच्या भेगेत बाभळीच्या फांद्या कोंबलेल्या, त्यावर मिरच्या. धूर आत ओढला जात होता. सगळे खोकत होते.

“आता विझवा की ते,” मी म्हणाले.

“आवं बाई, पोरगी घावली म्हणून जनावर सोडायचं व्हय?” काकूंचे दीर म्हणाले. “आज तुमची वाचली. उद्या दुसऱ्याची न्हील. आलोच हाय तर काम उरकून जाऊ.”

लेक सुखरूप होती, तरी माझ्या मनातलं तरस तसंच्या तसं होतं. मलाही आतून वाटत होतं की ते असू नये.

आणि ते बाहेर आलं. खालून नाही, वरच्या एका अरुंद फटीतून, जिकडं कुणी पाहत नव्हतं. मानेपासून शेपटीपर्यंतची आयाळ ताठ उभी, पाठ मागं उतरती, अंगावर काळे पट्टे. तोंडात काहीतरी लहान, मऊ, लोंबणारं.

“पोर!” कुणीतरी किंचाळलं. “तोंडात पोर हाय!”

थोड्या वेळापूर्वी मी माझ्या लेकीचा आवाज स्वतःच्या कानांनी ऐकला होता. तरी त्या क्षणी मला ते खरं वाटलं. मग ते लोंबणारं चिरकलं, बारीक, मांजराच्या पिल्लासारखं, आणि मला त्याचे पट्टे दिसले.

ती मादी होती. पिल्लू घेऊन निघाली होती. तिचे डोळे धुरानं गळत होते. ती खोकली, पण तोंड उघडलं नाही. समोर माणसं, मागं आग. ती एका जागी उभी राहून कापत होती. तिची ती उभी आयाळ मला आधी क्रूर वाटली होती. आता दिसलं की ती आमच्यासारखीच भेदरलेली होती. मग दोन माणसांच्या मधून ती निघाली. त्यांतल्या एकाच्या हातून काठी गळून पडली. कुणी वार केला नाही. ती पायात अडखळत, तिरकी तिरकी, शाळूच्या रानात शिरली. बांधावर एकदा थांबली आणि खाणीकडं वळून पाहत राहिली.

“आत अजून एक आसंल,” एक म्हातारे गृहस्थ हळूच म्हणाले.

मी पुढं झाले आणि एक पेटती फांदी ओढली. हात भाजला. मग ते म्हातारे आले, त्यांनी काठीनं बाकीच्या ओढल्या. काकूंचे दीर बाजूला उभे होते. त्यांनी मदत केली नाही, आडवेही आले नाहीत. तेवढ्यात रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला आणि मी सगळं सोडून पळाले. लेकीच्या केसांत कापूस अडकला होता. तिच्या पायात चप्पल होती, लाल. चाचा गाडीतून खाली उतरले नाहीत. मी लोकांसमोर त्यांचे हात धरले, तेव्हा कुठं त्यांनी इंजिन बंद केलं.

दुसऱ्या दिवशी वनखात्याची माणसं येऊन पाहून गेली. बिळात काही नव्हतं, मेलेलंही नाही. मादी दुसऱ्या पिल्लासाठी परत आली असेल का, की दुसरं पिल्लू नव्हतंच, ते मला कळलं नाही. पुढं ते जनावर कुणाला दिसलं नाही.

गोष्ट मात्र दिसू लागली. आधी चहाच्या टपरीवर, मग विट्याच्या एसटीत. तरसाच्या तोंडात पोर होतं, बाईंनी ते ओढून काढलं, हात भाजला नव्हता, चावला होता. मी जमेल तिथं खोडून काढत होते. लोक मान हलवायचे आणि माझ्या माघारी पुन्हा तेच सांगायचे.

उन्हाळ्यात आम्ही कुंडलला एका लग्नाला गेलो. मांडवात बायकांचा घोळका दिसला म्हणून मी पुढं गेले, तर मधोमध माझी लेक. बाही वर करून ती सायकलवरून पडल्याचा व्रण दाखवत होती. “हितं धरलं होतं त्यानं,” ती सांगत होती, “आणि मग ते हसलं.” तिनं ते हसून दाखवलं. मी वर्गात हसून दाखवायची, हुबेहूब तसं.

मी तिला बाजूला नेलं. “असं का सांगितलंस?”

“खरं सांगितलं की सगळे म्हणतात, ‘एवढंच?’” ती म्हणाली. “आणि मग उठून जातात.”

मी तिला रागावले. ती रडली. मग मी तिला जवळ घेतलं, पण तिच्या डोळ्यांत मला तेव्हा भीतीपेक्षा नाराजी जास्त दिसली, आणि त्या नाराजीचं काय करायचं ते मला समजत नव्हतं.

गाद्यावाले चाचा मात्र आमच्या गावात पुन्हा आले नाहीत. विट्याच्या बाजारात मी त्यांना गाठलं. चौकशी केली, तर म्हणाले, “येईन की बाई. सवड न्हाई.” त्यांनी लेकीसाठी कापसाची एक छोटी उशी दिली, पैसे घेतले नाहीत. बोलता बोलता निघायची वेळ झाली, तशी त्यांनी टेम्पोच्या मागचं फळकुट उघडलं, वाकून एकेक गादी उचलून खाली पाहिलं, मग फळकुट लावून कडीला कुलूप घातलं. ते ओढून बघितलं. चार पावलं पुढं गेले, आणि परत येऊन पुन्हा एकदा ओढून बघितलं.